घरची लाकडी घोडी : मोटारसायकलसाठी अल्प खर्चातील आधार

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून आत सरकलेले, सह्याद्रीला भिडलेले दोन तालुके. महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरच्या डोंगरांतून खाली उतरते व महाडला गांधारीचे पाणी घेऊन पश्चिमेकडे जाते. राष्ट्रीय महामार्ग ६६ दोन्ही तालुक्यांतून जातो, आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे व वरंध घाट भोरकडे नेतो. परंतु महामार्ग सोडून डोंगराकडे वळले की वस्ती विखुरते. गाव खाली आणि त्याच्या वाड्या वर, असे येथील सर्वसाधारण चित्र आहे. अशा वाडीपर्यंत जाणारे भरवशाचे वाहन म्हणजे मोटारसायकल. शिक्षक तिच्यावरून शाळेला जातात, आरोग्यसेविका लसींची पेटी घेऊन तिच्यावरूनच चढतात. ग्राम महसूल अधिकारी (पदनाम २०२४मध्ये बदलले असले तरी लोकांच्या तोंडी ते तलाठीच राहिले आहेत) पंचनाम्याला तिच्यावरूनच येतात. ती एक दिवस बंद पडली तर शाळेचे कुलूप उशिरा निघते.

या वाहनाची झीज येथे लवकर होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, लाल चिखल, चढ-उतार आणि ओढ्यांचे पाणी यांचा पहिला मार चेनवर बसतो. चेन व दातेरी चक्र यांच्यात चिखलाची बारीक वाळू शिरली की ती कानसीसारखे काम करते. उपाय सर्वांना ठाऊक आहे. मागचे चाक अधांतरी करावे, ते हाताने फिरवत चेन रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुवावी, पुसावी आणि तेल द्यावे. अडचण चाक अधांतरी करण्याची आहे. ज्या गाड्यांना मधला स्टँड आहे त्यांचे भागते, परंतु अलीकडच्या अनेक गाड्या केवळ बाजूच्या स्टँडसह येतात. मग एकाने गाडी बाजूच्या स्टँडवर कलती धरायची आणि दुसऱ्याने चाकाखाली धोंडा सारायचा, अशी कसरत चालते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावणे. फडके दातेरी चक्रात ओढले जाते आणि त्यामागोमाग बोट. गॅरेजच्या धंद्यात असलेल्या कोणालाही विचारावे, तुटलेल्या बोटाची एखादी हकिकत त्याच्यापाशी असतेच.

बाजारात लोखंडी नळ्यांचे तयार स्टँड मिळतात. त्यांना दीड-दोन हजार रुपये किंवा अधिक मोजावे लागतात. तेच काम गावच्या सुताराकडून, घरच्या जुन्या लाकडातून, चारशे-सहाशे रुपयांत होऊ शकते. त्याची कृती येथे मापांसह देत आहोत. आपण तिला घोडी म्हणू. ओझे टेकवण्याच्या लाकडी आधाराला तो शब्द मराठीत जुनाच आहे.

लाकूड कोणते

प्रथम हे सांगितले पाहिजे की या कामासाठी एकही हिरवे झाड तोडण्याचे कारण नाही. ऐन, किंजळ, साग, जांभूळ, आंबा, फणस हे सर्व महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ खालील अनुसूचित वृक्ष आहेत. ते स्वतःच्या मालकी जमिनीतले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय ओले लाकूड सुकताना आकसते, पिळवटते आणि बोल्टची भोके सैल पडतात. या दृष्टीनेही ते निरुपयोगी आहे.

दोन्ही तालुक्यांत कौलारू घरे मोडून स्लॅबची घरे होत आहेत. मोडलेल्या घराचे ऐनाचे व किंजळाचे वासे, खांबांचे तुकडे, दारांच्या चौकटी परसात पडून असतात. पन्नास वर्षे छपराखाली सुकलेले ऐनाचे लाकूड हे या कामाचे सर्वोत्तम लाकूड होय. वापरण्यापूर्वी कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर लाकूड निरोगी, भद्द आवाज आला तर आत वाळवी किंवा भुंगा. जुने खिळे मात्र एकूण एक काढावेत, नाहीतर करवतीचे दात जातात.

दुसरा मार्ग पॅकिंगच्या पेट्यांचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीतून पाइनच्या फळ्यांच्या चौकटी भंगारात येतात आणि स्वस्त मिळतात. हे लाकूड हलके व सरळ असते, परंतु मऊ. म्हणून दिलेल्या मापापेक्षा अर्धा इंच जाड घ्यावे. येथे एक दक्षता आवश्यक आहे. परदेशातून आलेल्या चौकटींवर प्रक्रियेचा शिक्का असतो. ‘एच टी’ अक्षरे असतील तर लाकूड केवळ तापवलेले आहे. ‘एम बी’ असतील तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे, ते घेऊ नये. महाडच्या वसाहतीत रासायनिक कारखाने बरेच आहेत. ज्या फळीवर डाग आहेत किंवा जिला उग्र वास येतो ती फुकट मिळाली तरी घरी आणू नये आणि चुलीत तर मुळीच घालू नये.

मापे गाडीवरून घ्यावीत

घोडी मागच्या चिमट्याखाली बसते. चिमटा म्हणजे मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी दुबेळका. सपाट जागी गाडी सरळ उभी करून, एकाने हँडल धरावे आणि दुसऱ्याने तीन मापे घ्यावीत: आसाजवळ चिमट्याच्या खालच्या कडेची जमिनीपासून उंची; तेथेच दोन्ही बाजूंच्या टेकण्याजोग्या जागांमधील अंतर; आणि आसापासून टायरच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर. हे शेवटचे माप सामान्य गाडीत एक फुटाच्या आसपास असते.

टेकण्याची जागा निवडताना घाई करू नये. उजवीकडे सायलेन्सर, डावीकडे चेनचे झाकण व साडीगार्ड, ड्रमब्रेक असल्यास त्याची सळई, हे सारे याच परिसरात असते. भार चिमट्याच्या मूळ लोखंडावरच आला पाहिजे. चेनच्या पातळ पत्र्यावर किंवा ब्रेकच्या सळईवर तो आला तर दुरुस्तीसाठी केलेली वस्तूच दुरुस्ती वाढवील.

पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. चिमट्याची खालची कड साडेदहा इंचांवर व आतले अंतर नऊ इंच आहे असे धरले आहे. आपल्या गाडीच्या मापानुसार ते बदलावेत.

बांधणी

तीन इंच रुंद व दोन इंच जाड असे लाकूड सुमारे तेरा फूट लागेल. त्यातून ३० इंचांच्या दोन तळपट्ट्या, १३ इंचांचे दोन उभे पाय, १७ व २४ इंचांचे दोन आडवे दांडे आणि ६ इंचांचे दोन ठोकळे कापावेत. शिवाय एक इंच जाड, तीन इंच रुंद फळीच्या १८ इंचांच्या दोन तिरक्या पट्ट्या लागतील. १० मिलिमीटर जाडीचे १४ बोल्ट, प्रत्येकी दोन वॉशरसह, आणि जुन्या ट्यूबचे रबर एवढे घेतले की सामान पुरे झाले. खिळ्यांवर ही घोडी करू नये. तिच्यावर भार येतो-जातो, आणि खिळा अशा हेलकाव्यात हळूहळू बाहेर येतो.

तळपट्ट्या तीन इंचांच्या उंचीने, म्हणजे धारेवर उभ्या ठेवाव्यात. प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला आपण नाक म्हणू. त्या नाकाचा खालचा कोपरा तासून किंचित गोल करावा. घोडी याच कोपऱ्यावर फिरणार आहे. उभा पाय तळपट्टीच्या आतल्या अंगाला लावावा, त्याचे खालचे टोक जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवावे आणि त्याची मध्यरेषा नाकापासून किमान दोन इंच मागे असावी. तळपट्टी व पाय यांतून दोन बोल्ट आरपार घालावेत, मात्र एकाखाली एक नव्हे, तिरपे. एकाच रेषेत भोके पडली की लाकूड त्या रेषेवर चिरते.

पायाच्या बाहेरच्या अंगाला, तळपट्टीच्या वर बसेल असा सहा इंचांचा ठोकळा उभा लावून एका बोल्टने पायाशी आवळावा. यामुळे पायावरचा भार बोल्टवर न लटकता सरळ तळपट्टीवर उतरतो. या ठोकळ्यापासून मागे, तळपट्टीच्या बाहेरच्या अंगावर उतरणारी तिरकी पट्टी लावावी. वरच्या टोकाला पट्टी, ठोकळा व पाय यांतून मिळून एक बोल्ट, खालच्या टोकाला पट्टी व तळपट्टी यांतून एक. काही सुतार ही पट्टी नुसती टेकू म्हणून खिळ्याने अडकवतात, ते चुकीचे आहे. गाडी उचलली जात असताना पाय पुढे झुकू पाहतो आणि ही पट्टी त्याला मागे ओढून धरते. तिच्यावर दाब नसतो, ताण असतो. सबब दोन्ही टोके बोल्टनेच बांधली पाहिजेत.

पायाच्या डोक्यावर चिमटा बसण्यासाठी दीड इंच खोल खाच पाडावी. चिमट्याची उंची साडेदहा इंच, उचलण्याचे दीड इंच, म्हणजे खाचेचा तळ जमिनीपासून बारा इंचांवर येतो. खाच तळाशी गोलाकार असावी. टोकदार खाचेत बसलेले लोखंड पाचरीसारखे काम करते आणि पाय उभा चिरतो. खाचेच्या लगेच खाली पायाभोवती लोखंडी पट्टी किंवा जाड तारेचे चार वेढे आवळून घेतले तर ही भीती उरत नाही. खाचेत रबराचे दोन थर बसवावेत.

आता दोन्ही बाजू नऊ इंच आतल्या अंतराने समोरासमोर ठेवून, सतरा इंचांचा दांडा नाकापासून अठरा इंचांवर व चोवीस इंचांचा दांडा अगदी मागच्या टोकाला, तळपट्ट्यांच्या वरून, प्रत्येकी दोन बोल्टनी बसवावा. मागचा दांडा दोन्हीकडे थोडा बाहेर राहतो, तीच मूठ. पुढच्या बाजूस आडवा दांडा नसतो, कारण चाक तेथूनच आत येते.

दोन इंचांचे महत्त्व

या घोडीचे सारे मर्म उभा पाय नाकापासून दोन इंच मागे असण्यात आहे. घोडी मूठ वर करून चिमट्याखाली सारली की खाच नाकाच्या पुढे असते. मूठ दाबली की खाच वर चढते, नाकाच्या बरोबर माथ्यावर येते आणि नंतर किंचित खाली उतरून नाकाच्या मागे स्थिरावते. एकदा भार नाकाच्या मागे गेला की गाडीचे वजनच घोडीला जमिनीशी दाबून धरते. पाय जर अगदी नाकावर लावला तर भार सीमेवर राहतो आणि गाडीला लागलेला थोडासा धक्काही घोडी उलटवतो.

शिक्षक-वाचकांना येथे तरफेचा एक चांगला पाठ मिळेल. शंभर सी.सी.च्या गाडीचे वजन साधारण ११० किलो, त्यातले समजा ६० किलो मागच्या बाजूस. मूठ वर असताना खाच नाकाच्या सहा इंच पुढे व मूठ तेवीस इंच मागे असते. ६० गुणिले ६ भागिले २३, म्हणजे मुठीवर सुमारे १६ किलोंचा दाब पुरतो. एक माणूस तो हाताने सहज देऊ शकतो. कार्यानुभवाच्या तासाला घोडीची लहान प्रतिकृती करून वेगवेगळ्या लांबीच्या मुठींनी हा हिशेब ताडून पाहता येईल. प्रत्यक्ष गाडी उचलण्याचे काम मात्र मुलांना देऊ नये.

वापर

नवी घोडी लगेच गाडीखाली घालू नये. दोन्ही खाचांत एक मजबूत पहार आडवी ठेवून तिच्यावर, दोन्ही बाजूंस तोलून, तांदळाच्या पन्नास किलोंच्या दोन गोण्या रात्रभर बांधून ठेवाव्यात. सकाळी चिरा, वाकलेला पाय किंवा सैल बोल्ट दिसला नाही तर घोडी उत्तीर्ण झाली. ही मापे ११० ते १५० किलोंच्या गाडीसाठी आहेत. बुलेटसारख्या जड गाडीला ती पुरणार नाहीत.

गाडी उचलताना दोन माणसे लागतात. एकाने हँडल धरून गाडी सरळ ठेवावी, दुसऱ्याने मागून घोडी बसवावी व मूठ दाबावी. उचलली जाताना गाडी जवळजवळ वीतभर मागे येते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून पुढचा ब्रेक आवळू नये व पुढच्या चाकाला दगड आधी लावू नयेत. गाडी स्थिरावल्यावर मग पुढून व मागून लावावेत. उचललेल्या गाडीवर बसू नये. तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग घालून काम करू नये. इंजिन बंदच असावे आणि चावी काढलेली असावी. चेन धुवायला हाताने फिरणारे चाक पुरेसे आहे.

जागा सपाट व कठीण हवी. कोबा किंवा जांभ्या दगडाची फरसबंदी उत्तम. उतारावरच्या अंगणात ही घोडी वापरू नये. कोकणात सपाट अंगण दुर्मिळ आहे, म्हणून ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या ओट्यावर एक घोडी ठेवली तर वाडीतल्या पाच-दहा गाड्यांचे काम तिच्यावर भागेल. तीन-चार गाड्यांची मापे जवळपास असतील तर खाचेत रबराचे कमी-अधिक थर ठेवून फरक भरून काढता येतो.

मधला स्टँड असलेल्यांसाठी

ज्यांच्या गाडीला मधला स्टँड आहे त्यांना घोडीची गरज नाही. त्यांना गरज आहे ती एका पाटाची. पावसाळ्यात शेणाने सारवलेले अंगण भिजून मऊ होते आणि रात्री उभी केलेली गाडी सकाळी आडवी सापडते. कारण साधे आहे. स्टँडच्या दोन टाचा मिळून फार तर २५ चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतात. त्यांवर ७० किलोंचा भार धरला तर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ तीन किलो दाब पडतो. ओली माती एवढा दाब सोसत नाही. त्या टाचांखाली साठ सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद पाट ठेवला की तोच भार १८०० चौरस सेंटिमीटरांवर पसरतो आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला चाळीस ग्रॅमपर्यंत उतरतो. दीड इंच जाड दोन फळ्या, खाली दोन आडव्या पट्ट्या, एवढाच हा पाट. टाचा घसरू नयेत म्हणून वर एक बारीक रीप ठोकावी. बाजूच्या स्टँडखाली वीतभर लांब-रुंद फळीचा तुकडा तेच काम करतो, तो गाडीच्या डिकीत किंवा पिशवीत बरोबर ठेवावा.

घोडी काय, पाट काय, आगोटीच्या आधी, वैशाखात करून ठेवावेत. त्या वेळी लाकूड कोरडे असते आणि सुतारालाही छपरांच्या कामातून थोडी सवड काढता येते. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची कोकणातील रीत चांगली आहे. ते तेल कातडी जाळते, म्हणून ब्रशने व हातमोजे घालून लावावे आणि पूर्ण सुकेपर्यंत लाकडाला हात लावू नये. कापलेल्या टोकांना दोन हात अधिक द्यावेत, कारण लाकूड पाणी पिते ते टोकांकडून. बोल्ट पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदा आवळावेत.

पुराच्या वेळी

महाडच्या वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न येईलच: घोडीवर चढवलेली गाडी पुरात वाचेल काय? उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही वेळी महाड शहरातील तळमजले पाण्याखाली गेले. दीड इंच उचललेल्या चाकाचा तेथे काय पाड! उलट घोडी लाकडाची आहे आणि लाकूड तरंगते. पाणी चढू लागले की घोडी वर उठू पाहते आणि तिच्यावरची गाडी कलंडते. म्हणून सावित्री-गांधारीच्या पाण्याचा इशारा मिळताच गाडी घोडीवरून उतरवावी आणि वेळ असेल तर उंचावरील जागी न्यावी. मात्र डोंगराच्या कडेला, दरडीखाली नव्हे. २०२१च्या त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. वेळ नसेल तर गाडी तेथेच सोडून माणसांनी वर जावे.

पाणी ओसरल्यावर घोडीचा खरा उपयोग होतो. बुडालेली गाडी किक मारून किंवा बटन दाबून सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो. प्रथम बॅटरीची तार सोडवावी. गाडी घोडीवर घ्यावी, स्पार्क प्लग काढावा, गिअर टाकून मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे आणि सिलिंडरमधले पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येऊ द्यावे. इंजिनचे तेल पूर्ण काढावे. ते दुधी दिसले तर पाणी आत गेले आहे असे समजून नवे तेल भरावे व थोड्या वेळाने तेही बदलावे. पेट्रोलची टाकी रिकामी करावी. एअर फिल्टर कागदाचा असल्यास नवा घालावा. ब्रेकचे ड्रम उघडून आतला गाळ धुवावा. काढलेले तेल व पेट्रोल डब्यात भरून भंगारवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये द्यावे. ते अंगणात ओतले तर पुढच्या सरीबरोबर विहिरीत उतरते.